एका लाकडी मानचिन्हाची हकीकत

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात आपल्या शाळेने जवळच्या गावातील एका वयोवृद्ध मृदंगवादकाचा सत्कार केला, हे बहुतेक वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या प्रसंगी त्यांस चांदीचा पेला किंवा काचेची ढाल न देता, कडुलिंबाच्या लाकडातून कोरलेला नऊ इंच लांबीचा एक चिमुकला मृदंग अर्पण करण्यात आला. त्यानंतर कित्येक पालकांनी आम्हांस दोन प्रश्न विचारले. ख्रिस्ती शाळेने मृदंगवादकाचा सत्कार का करावा, हा पहिला. आणि बाजारात तयार ढाली हव्या तितक्या मिळत असता लाकडाच्या एका तुकड्यासाठी सुताराच्या दारी दोन महिने खेटे का घालावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. दुसऱ्याचे उत्तर मात्र लांबलचक आहे, कारण ते देण्यापूर्वी आम्हांस स्वतःलाच पुष्कळ शिकावे लागले.

आपला बीड जिल्हा पावसाच्या बाबतीत दरिद्री असला तरी मृदंगाच्या बाबतीत श्रीमंत आहे. गावोगावी हरिनाम सप्ताह बसतात. कीर्तनकार परगावाहून येतो, टाळकरी गावातलेच असतात, आणि मृदंगावर बसणाऱ्याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. त्याचा हात चुकला तर कीर्तनाचा सगळा डोलारा डळमळतो. याच जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुक्यात आपेगाव नावाचे गाव आहे. (ज्ञानेश्वर महाराजांचे आपेगाव ते गोदावरीकाठचे, पैठणजवळचे, हे निराळे. विद्यार्थी परीक्षेत या दोहोंची गल्लत करतात म्हणून सांगून ठेवतो.) या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांस पखवाजवादनाबद्दल भारत सरकारने १९८६ साली ‘पद्मश्री’ दिली. ज्वारी-कापसाच्या मुलुखातील एका खेड्याचे नाव एका वाद्याने दिल्लीपर्यंत नेले, ही गोष्ट आपल्या मुलांस ठाऊक असावयास हवी. पद्मश्रीचे पदक काशाच्या रंगाच्या धातूचे, वाटोळे, मधोमध कमळ असलेले असते. कमळाच्या वर ‘पद्म’ आणि खाली ‘श्री’ अशी अक्षरे असतात. ते फार सुंदर आहे. परंतु चित्रकाराला, वैद्याला, शेतकऱ्याला आणि पखवाजियाला ते सारखेच मिळते, कारण राष्ट्राला सर्वांस एकाच मापाने मोजावे लागते. गावच्या शाळेवर असे बंधन नाही. तिला एकाच माणसासाठी एकच वस्तू घडविता येते.

राहिला ख्रिस्तीपणाचा प्रश्न. मराठी ख्रिस्ती मंडळीला मृदंग परका नाही. अहमदनगर (ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात) येथे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तने केली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी, म्हणजे १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन १९१९ साली प्रभुघरी गेलेल्या त्या कवीने, आपली उपासना अभंग-ओवीच्या चालीवर आणली. विलायती चालीवर ओढूनताणून बसविलेली मराठी पदे म्हणता म्हणता आमच्या आजोबांच्या पिढीची दमछाक होत असे. टिळकांची भजने आली आणि त्यांबरोबर टाळ-मृदंग उपासना-मंदिरात आले. ज्या बुवांचा सत्कार झाला ते वारकरी, गळ्यात तुळशीची माळ घालणारे; परंतु गेली पुष्कळ वर्षे नाताळच्या भजनात आमच्या मंडळीचा मृदंग तेच वाजवीत आले. आमच्याकडे वाजविणारा कोणी तयार झाला नव्हता, आणि त्यांनी कधी नाही म्हटले नाही. सत्काराला एवढे कारण पुरेसे आहे.

आता मानचिन्हाकडे वळू. पण त्याआधी मृदंग म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे.

पखवाज आणि मृदंग ही एकाच वाद्याची दोन नावे आपल्याकडे चालतात. सुमारे दोन-सव्वादोन फूट लांबीचे लाकडाचे एक नळकांडे. दोन्ही तोंडे उघडी, मध्ये पोट सुटलेले. हे पोट बरोबर मध्यावर नसते, ते डाव्या तोंडाकडे सरकलेले असते, ही गोष्ट वर्षानुवर्षे मृदंग पाहूनही आमच्या ध्यानी आली नव्हती. डावे तोंड मोठे, उजवे लहान. दोन्ही तोंडांवर शेळीचे कातडे ताणून बसवितात. त्याच्या काठाला कातड्याचाच वळलेला गजरा असतो, आणि दोन्हीकडचे गजरे लांबच लांब वाद्यांनी एकमेकांस जखडलेले असतात. या वाद्यांखाली लाकडाचे गठ्ठे सरकविलेले असतात. हातोडीने गठ्ठा इकडेतिकडे केला की वादी ताणते किंवा सैल होते, आणि स्वर चढतो किंवा उतरतो. उजव्या पुडीवर काळी शाई असते. डाव्या तोंडावर, म्हणजे धुमेवर, शाई नसते. तेथे वाजविण्यापूर्वी ताजी मळलेली कणीक थापतात. कणकेच्या ओझ्याने डाव्या बाजूचा आवाज खाली जातो व त्यास घुमारा येतो. कार्यक्रम संपला की कणीक काढून टाकतात. कणीक थोडी कमी-जास्त झाली तर सगळा घुमारा बिघडतो. ते प्रमाण बुवा बोटानेच ओळखीत, तराजूने नव्हे.

शाईविषयी विद्यार्थ्यांस एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. साधे ताणलेले कातडे वाजविले की मुख्य स्वराबरोबर जे वरचे स्वर निघतात ते मुख्य स्वराच्या दीडपट-पावणेदोनपट, सव्वादोनपट असे अडनिडे असतात. म्हणून साध्या ढोलाचा नुसता धडाका होतो, त्याला सूर लागत नाही. लोहाचा बारीक कीस आणि भाताची खळ यांचे थर एकावर एक चढवून, प्रत्येक थर दगडाने घोटून जी शाई बसवितात, तिच्यामुळे कातड्याचा मधला भाग जड होतो आणि वरचे स्वर मुख्य स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सरळ पटीत येऊन बसतात. तारेच्या वाद्यास जे निसर्गतः साधते ते आपल्या पूर्वजांनी कातड्याकडून करवून घेतले. पुढे ज्यांस १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले त्या सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या विलायती शास्त्रीय पत्रात ही गोष्ट मांडली, आणि पुढे ती अधिक विस्ताराने सिद्ध करून दाखविली. ज्या कारागिरांनी ती शोधून काढली त्यांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत.

असो. सत्काराचा ठराव झाला तेव्हा यांतले काहीच आमच्या डोक्यात नव्हते. मृदंगवादकाला मृदंगाची प्रतिकृती द्यावी, एवढी कल्पना आम्हांस सुचली आणि तीच मोठी वाटली. एका मोठ्या शहरातील दुकानी शिसवाच्या ठोकळ्यातून चरकावर कातून काढलेला भरीव मृदंग मागविला. आला तेव्हा तो आरशासारखा चकाकत होता. वाद्या रंगाने काढलेल्या, शाईच्या जागी काळा ठिपका, खाली पितळी पट्टी. मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटावर तो ठेवला. ते फाल्गुनाचे दिवस होते. आपल्याकडचा फाल्गुन कसा असतो ते सांगावयास नको. आठवड्याने शिपायाने येऊन सांगितले की मृदंग ‘उलला’. पाहतो तो एका तोंडाच्या कडेपासून थेट मध्यापर्यंत बोट शिरेल एवढी चीर! दुकानदारास दोष देऊन आम्ही मोकळे झालो असतो. परंतु लाकूड ओले आहे की वाळलेले, हे आम्ही विचारलेच नव्हते. तारीख मात्र तीनदा विचारली होती.

तो फुटका ठोकळा पिशवीत घालून आम्ही बुवांच्याच गावच्या एका सुताराकडे गेलो. हे सुतारबाबा वयाने सत्तरीच्या पुढचे. पूर्वी बलुत्यावर नांगर, तिफण, वखर नि बैलगाडीची चाके करीत. लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टर आल्यापासून चौकटी, देव्हारे आणि अधूनमधून मृदंगाची खोडे करतात. त्यांनी ठोकळा हाती घेतला, चीर पाहिली, नखाने एक ठोका दिला आणि म्हणाले, “मास्तर, ह्याला सांदाला कुठं जागाच ठेवली नाही. लाकूड आकसणारच. आकसायला जागा नसंल तर फुटंल नाहीतर काय करंल?”

त्या एका वाक्याचा अर्थ आम्ही नंतर ग्रंथांतून जुळवून पाहिला, तो असा. तोडलेल्या झाडात पाणी भरलेले असते. त्यापैकी पोकळ्यांतील पाणी आधी निघून जाते; तोवर लाकडाचे आकारमान बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या शंभर भागांस सुमारे तीस भाग पाणी उरले की मग तंतूंच्या भिंतींत मुरलेले पाणी निघू लागते, आणि तेथून लाकूड आकसावयास लागते. परंतु ते सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्याकडून सालीकडे थोडे. आणि वर्षावर्षाच्या वलयांच्या अंगाने त्याच्या जवळजवळ दुप्पट. आता एक गोल ओंडका डोळ्यांपुढे आणा. त्याचा घेर कमी होऊ पाहतो, पण त्या प्रमाणात आतला पल्ला कमी होत नाही. घेर अपुरा पडतो आणि शेवटी कोठेतरी फाटतो. गाभ्यासकट ठेवलेला भरीव ओंडका वाळताना चिरला नाही, असे क्वचितच घडते. तोच ओंडका आतून पोकळ केला आणि गाभा काढून टाकला की भिंत पातळ होते, ती आतून-बाहेरून सारखी वाळते, आणि तिला आत सरकावयास जागा मिळते. आम्ही समजत होतो की मृदंग पोकळ असतो तो केवळ आवाजासाठी. सुतारबाबांच्या मते पोकळीमुळे आधी लाकूड जगते, मग आवाज येतो.

“मग तुम्ही पोकळ करून द्याल?” आम्ही विचारले.

“भरीव करून बुवाला द्यायचा म्हंजी मुका द्यायचा,” ते म्हणाले, “आन् त्यांनी त्याचं करायचं काय?”

तेव्हा आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून कळली. ती आमची आम्हांस कळावयास हवी होती. दोन वर्षांपासून बुवांच्याने स्वतःचा मृदंग उचलवत नव्हता. नाताळास ते येत, पण मृदंग एक नातू आणून ठेवी आणि परत नेई. त्या वर्षी तर ते आलेच नाहीत. थंडीमुळे आले नसतील, असे आम्ही आपसात म्हटले होते. घरी तो मृदंग खुंटीला टांगलेला होता, धुमेचे कातडे उंदरांनी कुरतडले होते, आणि बुवांनी तो नव्याने मढविण्याची गोष्ट काढणेच सोडले होते. “मांडीवर मावंल असा करतो,” सुतारबाबा म्हणाले. आमचे मानचिन्ह तोवर कपाटात ठेवावयाचे होते. त्या वाक्यासरशी ते मांडीवर ठेवावयाचे झाले.

लाकडाची निवड हा पहिला विधी. मृदंगाच्या खोडासाठी शिसव, खैर, बिबळा, फणस, आंबा, कडुलिंब अशी निरनिराळी लाकडे प्रांताप्रांताप्रमाणे वापरतात. शिसवाचा आवाज चांगला येतो, पण ते जड. आंबा हलका, पण कीड लवकर लागते. आपल्याकडे बांधाबांधावर आहे तो कडुलिंब, आणि त्याच्या कडूपणामुळे कीड त्याच्या वाटेस सहसा जात नाही. सुतारबाबांच्या ओसरीत एका पाडलेल्या माळवदी घराची कडुलिंबाची तुळई आडवी पडली होती; फूटभर रुंद, धुराने काळवंडलेली. दोन पिढ्या डोक्यावर मातीचे ओझे घेऊन ती वाळली होती. “हिचं रडून झालंय,” असे ते म्हणाले. ओल्या लाकडास ते ‘रडणारे’ म्हणतात. नवे लाकूड वापरावयाचे असते तर ते काय करीत, हेही आम्ही विचारून घेतले. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांस शेण फासून तो सावलीत ठेवावयाचा. कारण लाकडातले पाणी बाजूंपेक्षा तोंडांकडून कितीतरी पट वेगाने बाहेर पडते, आणि तोंडे घाईने वाळली की तेथूनच चिरा पडतात. शेण त्या घाईला आवर घालते. मग ओबडधोबड कोरून पुन्हा काही महिने ठेवावयाचा, आणि त्यानंतर अखेरचा हात.

तुळईच्या मधला गाभा सोडून एका अंगाचा, सव्वापाच इंच जाडीचा तुकडा त्यांनी करवतीने काढला. त्यावर परकाराने दोन्ही टोकांस वर्तुळे आखली. डावे मोठे, उजवे लहान. मग वाकसाने कोपरे उडविले. सुतार वाकस चालविताना पाहणे हा एक धडा आहे. वाकसाचे पाते स्वतःच्या पायाच्या बोटांकडे येत असते, आणि नजर तिसरीकडेच असते. चौकोनाचा अष्टकोन झाला, अष्टकोनाचा षोडशकोन, आणि मग रंध्याने तो गोल झाला. मोठी खोडे आता सगळीकडे विजेच्या चरकावरच कातली जातात. स्वतः सुतारबाबाही ती तालुक्याच्या गावी पाठवून कातून आणतात. हे चिमुकले खोड मात्र त्यांनी हातानेच केले. का, असे विचारता त्यांनी चरकाच्या भाड्याचा आकडा सांगितला. आम्ही त्या उत्तरात काही मोठा अर्थ शोधत होतो, तो नव्हता.

कोरणे हे खरे काम. तुकडा दोन पायांत उभा धरून, गोल धारेची पटाशी नि लाकडी हातोडा घेऊन, एका तोंडाकडून अर्धे आणि दुसऱ्याकडून अर्धे, असे आत शिरावयाचे. मधोमध दोन्ही भोके मिळतात. आत काय चालले आहे ते डोळ्यांस दिसत नाही. ते कानास कळते. दर थोड्या वेळाने सुतारबाबा पटाशी खाली ठेवीत, खोड हातात घेऊन बाहेरून बोटाने वाजवीत आणि ऐकत. भिंत जाड असेल तेथे आवाज ‘ठक्क’ येतो, पातळ होत जाते तसा तो मोकळा होतो. आमच्या नववीच्या वर्गातील चार मुलांस आम्ही एका शनिवारी तेथे नेले होते. त्यांच्यापैकी एकास हा फरक पहिल्याच खेपेस कळला. तो मुलगा गणितात फार मागे आहे, आणि आम्ही त्यास वर्षभर मठ्ठ म्हणत आलो होतो. हे येथे लिहिणे आम्हांस बरे वाटत नाही, पण घडले ते असे.

मिशनांनी या देशात शाळा काढल्या तेव्हा पुस्तकांबरोबर करवत आणि रंधाही शिकविला, हे पुष्कळ पालकांस ठाऊक नसेल. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनची सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाची उद्योगशाळा होती; तेथे सुतारकाम शिकलेल्या माणसांनी आपली कुटुंबे मानाने पोसली. पुढे आम्ही शिक्षकांनीच हातकामाचा तास वेळापत्रकाच्या शेवटी ढकलला, आणि मग परीक्षेच्या घाईत तो काढूनच टाकला. पवित्र शास्त्रात निर्गमाच्या पुस्तकात बसालेल व अहलियाब यांची हकीकत आहे. धातू, रत्ने आणि लाकूड यांवर काम करण्याचे कौशल्य हे त्यांस देवाच्या आत्म्याने दिले, असे तेथे सांगितले आहे. आणि आमचा प्रभू तर सुताराच्याच घरी वाढला. रविवारी हे आम्ही मुलांस शिकवितो. सोमवारी त्याच मुलांस सांगतो की अभ्यास कर, नाहीतर सुतारकी करावी लागेल!

खोड तयार झाले. बाहेरून त्यास नक्षी काढावी की काय, असा वाद निघाला. आमच्या चित्रकला-शिक्षकांनी वेलबुट्टीचा एक सुंदर नमुना काढून दिला होता. सुतारबाबांनी तो भिंतीवर चिकटवून ठेवला, कौतुक केले, आणि खोडावर फक्त दोन्ही तोंडांपासून दोन बोटांवर एकेक बारीक रेघ कोरली. “वर वाद्या येत्यात, खाली फुलं कोरली तर कुणाला दिसणार, आन् वाद्या सरकतील कशा?” हे त्यांचे म्हणणे. शाळेचे नाव आणि सन कोरावयाचे ते खोडाच्या बुडाशी, मांडीकडे येणाऱ्या बाजूस कोरले. म्हणजे मानचिन्ह देणाऱ्याचे नाव वाजविताना झाकले जावे, अशी ती व्यवस्था झाली. संस्थेच्या एका हितचिंतकांस हे रुचले नाही. आम्हांसही प्रथम रुचले नव्हते. काचकागदाने घासून वरून जवसाचे तेल चोळले; चकाकी अशी आलीच नाही, फक्त कडुलिंबाचा तांबूस रंग वर आला.

मढविण्याचे काम सुताराचे नव्हे. खोड सुताराने करावे, कातडे दुसऱ्याने कमवावे, पुडी तिसऱ्याने बांधावी, अशी ही परंपरा आहे; आणि येथे आम्हांस एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या मंडळीतील पुष्कळांच्या घरची आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी कातडी कमावली, वाद्या कापल्या, दोर वळले, हलगी नि सनई वाजविली, त्यांनाच पिढ्यान् पिढ्या देवळाच्या पायरीखाली उभे केले गेले. त्यांनी कमावलेल्या कातड्याचा मृदंग आत देवापुढे जाई. ते स्वतः बाहेर राहत. पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले, तेव्हा कोठे ते दार उघडले. आमच्यांतील काही जुनी माणसे मृदंगाचा आवाज ऐकून अजूनही गप्प होतात, ती उगीच नव्हेत. सत्काराविषयी ज्या पालकांनी आम्हांस कडवटपणे विचारले त्यांच्यापैकी एकाचे आजोबा मृदंग मढवीत असत. त्यांस आम्ही टिळकांचा आणि सांगळ्यांचा दाखला दिला, तो त्यांनी ऐकून घेतला. पटला असे म्हणवत नाही. मात्र पुडी कोठे बांधून मिळेल ते त्यांनीच आम्हांस सांगितले, आणि पत्ता देऊन थांबले नाहीत, बरोबर आले.

एवढ्या लहान तोंडाची पुडी बांधणे हे मोठ्या पुडीपेक्षा अवघड. शेळीच्या करडाचे पातळ कातडे घ्यावे लागले. गजरा बारीक, वाद्या अरुंद, गठ्ठे सुपारीएवढे. शाईचे थर मोठ्या पुडीइतके चढविता येत नाहीत, कारण कातडे लहान म्हणून ओझे थोडेच सोसते. चार थर झाल्यावर कारागिराने थांबून वाजविले, एक थर खरवडून काढला, आणि पुन्हा वाजविले. स्वर मोठ्या मृदंगाहून पुष्कळ उंच आला, पण तो स्वरच होता.

अशा रीतीने दोन महिने गेले आणि स्नेहसंमेलनाचा दिवस आला. भाषणे झाली, ती नेहमीसारखीच लांबली. बुवांस नातवाने हात धरून व्यासपीठावर आणले. शाल, श्रीफळ झाले. मग तो चिमुकला मृदंग त्यांच्या हाती दिला. छायाचित्रकाराने त्यांस तो छातीशी धरून समोर पाहावयास सांगितले. बुवांनी समोर पाहिलेच नाही. त्यांनी खाली सतरंजीवर बसण्याची खूण केली, मांडी घातली, मृदंग आडवा ठेवला, आणि खिशातून काही शोधू लागले. कणीक! ती कोणीच आणली नव्हती. दोन महिन्यांत लाकूड, कातडे, वाद्या, शाई या सर्वांचा विचार झाला, पण मूठभर कणकेचा कोणास झाला नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून एक मुलगी धावत जाऊन ती घेऊन आली. बुवांनी सुपारीएवढी गोळी घेतली, थुंकीने ओली केली, धुमेच्या मधोमध अंगठ्याने दाबून बसविली, आणि दोन्ही हातांनी एक ‘धा’ काढला. सभागृहात चारशे माणसे होती. मागच्या रांगेपर्यंत तो गेला असे म्हणता येणार नाही, पण पुढच्या सात-आठ रांगांनी तो ऐकला. मग त्यांनी भजनी ठेक्याची आठ मात्रांची दोन आवर्तने वाजविली, बोटांनीच, कारण एवढ्या पुडीवर पूर्ण पंजा मावत नाही. तिसरे आवर्तन अर्ध्यावर सोडून त्यांनी कान खाली नेला आणि पुन्हा डावी बाजू वाजवून पाहिली.

“खोड कुणी केलं?” त्यांनी विचारले.

सुतारबाबा शेवटच्या रांगेत, दाराजवळ उभे होते. आम्ही त्यांस व्यासपीठावर बोलाविले नव्हते. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव घालावयाचे राहून गेले होते. मुलांनी त्यांस वाट करून दिली.

“डाव्या तोंडापाशी अजून ज्वारीभर कोरायला पायजे होतं,” बुवा म्हणाले.

“मला बी तसंच वाटत हुतं,” सुतारबाबा म्हणाले, “पर मास्तरांची तारीख आली.”

बुवांनी मृदंग त्यांच्या हाती दिला. दोघे व्यासपीठाच्या कडेस जाऊन बसले आणि एकमेकांच्या मांडीवरून तो घेत-देत बोलू लागले. आभार-प्रदर्शन चालू झाले तरी त्यांचे संपले नाही. शाल नि श्रीफळ घेऊन नातू खाली उतरला. मानचिन्ह त्या रात्री सुतारबाबांच्या पिशवीतून परत त्यांच्या घरी गेले, आणि पुडी उतरवून पुन्हा बांधावी लागणार असल्याने, आता पाडव्यापर्यंत काही मागू नका, असा निरोप आम्हांस आला आहे.